दारासमोरचा थांबा

युवराजला पाणी लागलं की तो मागे वळून बघत नसे. डावा हात पाठीमागे करायचा, तळवा उघडा, बस. त्या तळव्यात भरलेली बाटली आपोआप यायची. कोण देतंय, कुठून आणली, आणताना त्याची काय दशा झाली, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. नळ सोडला की पाणी येतं, तसंच हे.

तो नळ म्हणजे पाणक्या.

टोपणनाव संघातल्या पोरांनी ठेवलेलं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. सायकलची मोठी शर्यत रस्त्याच्या कडेला उभं राहून बघणाऱ्याला वाटतं, दीडशे माणसं सुटली आहेत, ज्याच्या पायांत जोर तो जिंकेल. डोंबल! एका संघात आठ जण. त्यातला एक राजा आणि उरलेले सात त्याचे हमाल. तीन आठवडे रोज नवा टप्पा, रोज नवं गाव, आणि रोजच्या वेळेची बेरीज. ज्याची बेरीज सगळ्यांत कमी, तो विजेता. हमालांची बेरीज कुणी करत नाही. त्यांनी समोरचा वारा आपल्या छातीवर घ्यायचा आणि राजाला आपल्या पाठीच्या आडोशाला ठेवायचं. राजाचं चाक फुटलं तर आपलं काढून द्यायचं. राजाला तहान लागली तर मागे मागे रेंगाळत संघाच्या गाडीपाशी जायचं, खिडकीतून बाटल्या घ्यायच्या, खिशांत, गळ्याशी, पाठीवर कोंबायच्या आणि पोत्यासारखं फुगलेलं अंग घेऊन अख्खा घोळका ओलांडत पुन्हा पुढे यायचं. पाणक्यानं सतरा वर्षं हेच केलं होतं, आणि त्यातली आठ या युवराजसाठी. उतारावर वळण कसं घ्यावं, वाऱ्यात कुणाच्या आड लपावं, सगळं त्यानंच शिकवलं त्याला. पोरगं शिकलं, मोठं झालं, आणि हात मागे करायला लागलं.

पाणक्याला याचा राग यायचा का? यायचा. पण राग गिळायचीही सवय होते, आणि ती एकदा लागली की माणसाला वाटतं आपला स्वभावच शांत आहे. संघातले सगळे म्हणायचे, पाणक्या म्हणजे गरीब गाय. गायीला कुणी विचारलं नव्हतं.

ज्या दिवसाची ही गोष्ट, त्याच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. हॉटेलच्या जेवणघरात आठही जण ताटावर वाकून बसलेले. एवढ्यात साहेब आले. साहेब म्हणजे संघाचे व्यवस्थापक. टप्पा सुरू झाला की हे गाडीत गार हवेत बसणार आणि रेडिओवरून आठ जणांच्या कानात हुकूम सोडणार. पुढे जा, मागे या, आता ओढा, आता सोडा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. तर हे साहेब त्या दिवशी थेट पाणक्याच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"काय रे, उद्याचा टप्पा तुझ्या गल्लीतून जातो म्हणे?"

"हो साहेब. अगदी दारासमोरून."

"घरी कोण असतं?"

"बाबा. आणि ताई असते त्यांच्याजवळ."

"मग माग की परवानगी! बापाला बघू दे लेकाला. किती वर्षं राबतोयस तू आमच्यासाठी. एवढा हक्क आहे तुझा."

परवानगी म्हणजे काय, ते सांगायला हवं. घोळक्यात एक जुना रिवाज आहे. कुठल्या नियमात लिहिलेला नाही, पण नियमांपेक्षा कडक. शर्यत एखाद्याच्या घरावरून जाणार असेल तर तो आघाडीची जर्सी घातलेल्या, म्हणजे तोवर सगळ्यांत कमी बेरीज असलेल्या माणसाला आणि घोळक्यातल्या जुन्याजाणत्यांना विचारतो. त्यांनी मान हलवली की सगळा घोळका पाय ढिले सोडतो आणि त्या एकट्याला पुढे जाऊ देतो. तो आपल्या दारात उतरतो, आपल्या माणसांना भेटतो, घोळका आला की पुन्हा त्यात मिसळतो. तेवढ्या वेळात कुणी हल्ला करायचा नाही, म्हणजे वेग वाढवून निसटायचं नाही. घोळक्यानं नाही, त्यानं नाही, त्याच्या संघानं तर नाहीच नाही. हा रिवाज मोडला तर दंड नाही, शिक्षा नाही. फक्त पुन्हा तोंड दाखवायला जागा राहत नाही.

पाणक्याच्या मनात ही गोष्ट महिनाभर घोळत होती, पण साहेबांपुढे तोंड उघडायचा धीर होत नव्हता. आणि आज साहेबच म्हणतायत! हातातला घास ताटात ठेवून त्यानं डोळे पुसले. सतरा वर्षं दुसऱ्यांना पाणी देणाऱ्याला कुणी घोटभर मायेनं विचारलं की तो असा विरघळतो. त्यानं मान वर करून युवराजकडे पाहिलं, आनंद सांगावा म्हणून. युवराज ताटात बघत होता. बराच वेळ बघत होता.

जेवण झाल्यावर त्यानं घरी फोन लावला. ताईनं उचलला आणि काही ऐकून न घेताच सुरू झाली.

"तुला काय, तू येणार आणि जाणार. इथे बाबांनी सकाळपासून माझा जीव खाल्लाय. पांढरा शर्ट काढ, इस्त्री कर, खुर्ची नको, थांब्याच्या बाकावरच बसतो. उद्या बसगाड्या बंद आहेत ना, तर बाक मोकळा मिळेल म्हणे!"

"दे त्यांना फोन."

बाबांनी शहराची बस चालवली होती, उभा जन्म. सायकलवाल्यांविषयी त्यांचं मत पक्कं होतं: हे लोक स्वतः मरायला निघालेले असतात आणि जाताना ड्रायव्हरला तुरुंगात घालून जातात. मुलानं सायकलवर पोट भरायचं ठरवलं तेव्हा ते म्हणाले होते, "सायकलवरून कामाला जातात. सायकल हे काम नव्हे." त्यानंतर सतरा वर्षांत ते एकदाही शर्यत बघायला आले नाहीत. आणि आता बघायची तयारी झाली, तर नजर चालली होती. समोरच्याचा चेहरा मधोमध पुसून टाकल्यासारखा दिसायचा. अगदी जवळ घेऊन, मान वाकडी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं तरच काही हाती लागायचं. तेही फार दिवस टिकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"येणारेस म्हणे," बाबा म्हणाले.

"हो बाबा. दारावरूनच जातोय."

"जातोयस ते जाऊ दे. थांबणारेस का?"

पाणक्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हे बघ, तुझ्यासारखे शंभर जण सर्रकन जाणार. त्यात तू कुठला, मला काय कळणार? थांबलास तर दिसशील. नाहीतर मी आपला आत बसून बातम्या ऐकतो."

"थांबतो बाबा."

"थांबतो म्हणालास हं. मग थांबायचं."

दुसऱ्या दिवशी गाव जवळ आल्यावर तो घोळक्यातून वाट काढत आधी काकांकडे गेला. काका म्हणजे घोळक्यातला सगळ्यांत वयस्कर सायकलवाला, दुसऱ्या संघाचा, पण त्याच्या शब्दाला सगळीकडे मान.

"बाप आहे ना अजून?" काकांनी विचारलं. "मग जा बाबा. माझ्या गल्लीतून शर्यत गेली तेव्हा माझं कुणी उरलं नव्हतं. कुलूप बघून आलो."

मग आघाडीची जर्सी घातलेला. तो तरुण होता, हुशार होता, आणि युवराजचा खरा प्रतिस्पर्धी तोच. दोघांच्या बेरजेत मिनिटभराचाही फरक नव्हता.

"जा," तो म्हणाला. "मी पाय सोडतो. पण तुझा तो युवराज?"

"त्याची हमी माझी," पाणक्या म्हणाला.

कुणी मागितली नव्हती ही हमी. आनंदात माणूस पदरचं देऊन बसतो.

घोळका ढिला पडला. कुणी पाठीवर थाप मारली, कुणी म्हणालं, आमचाही नमस्कार सांग घरी. पाणक्या एकटाच पुढे निघाला. पुढे रस्ता मोकळा, मागे कुणाला ओढायचं नाही, खिशात कुणासाठी बाटल्या नाहीत. किती हलकं वाटतं हे तो विसरूनच गेला होता. कालव्याचा पूल आला. याच पुलावर तो पहिल्यांदा सायकलवरून पडला होता. त्याला हसू आलं.

तेवढ्यात कानात साहेब बोलले.

"शाब्बास. मस्त सुटलास. आता नीट ऐक. थांबायचं नाही."

त्यानं छातीवरचं बटण दाबलं. "काय म्हणालात साहेब?"

"थांबायचं नाही म्हणालो. गाव संपलं की लगेच घाट लागतो. तू सरळ पायथ्याशी जा. पुलापाशी घोळका आला की युवराज सुटणार. सगळे गाफील आहेत, कुणाला कळायच्या आत तो लांब गेलेला असेल. पायथ्यापासून तू पुढे राहून, वारा अडवत त्याला ओढ. आज वर पोचेपर्यंत जर्सी आपली."

पाणक्याला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्याचं बोट परत बटणावर गेलं.

"साहेब, मी शब्द दिलाय सगळ्यांना."

"शब्द तू दिलास. संघानं नाही दिला."

"बाबा बाहेर येऊन बसलेत, साहेब."

"अरे, बापाला रात्री फोन कर!"

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बापाला फोन कर! म्हणजे कालचा तो खांद्यावरचा हात. ते 'घरी कोण असतं'. ते 'बापाला बघू दे लेकाला'. सगळं ठरवून. गळ टाकला होता साहेबांनी, आणि गळाला लावायला यांना त्याचा आंधळा होत चाललेला बाप सापडला. आणि तो मूर्ख, डोळ्यांत पाणी आणून तो गळ गिळून बसला! घोळक्यात फिरून स्वतःच्या तोंडानं परवानगी मागून आला. हमी देऊन आला. चोरी यांची, आणि दार उघडून द्यायला हा.

आणि ताटात बघणारा तो.

त्यानं पुन्हा बटण दाबलं. या रेडिओवर संघातले सगळे एकमेकांचं बोलणं ऐकतात. "युवराज, तुला माहीत होतं?"

कानात नुसती खरखर. मग युवराजचा आवाज आला, हळू आणि गोड.

"दादा, शर्यत आहे ही. आज ओढ ना मला. शेवटचं."

गरज पडली की दादा. एरवी उघडा तळवा.

गल्ली सुरू झाली. शिंप्याचं दुकान, औषधाचं दुकान, न्हाव्याची काच. दुतर्फा माणसं, टाळ्या, आरोळ्या, कुणीतरी त्याचं चित्र काढलेला फलक हलवत होतं. पुढे ते दुमजली घर, समोर बसचा थांबा, आणि थांब्याच्या बाकावर बाबा. गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट, दोन्ही हात गुडघ्यांवर, मान वाकडी. ताई त्यांच्या डोळ्यांवर हातानं सावली धरून उभी होती आणि दुसऱ्या हातानं जिवाच्या आकांतानं खुणा करत होती.

आणि पाणक्याचे पाय थांबेनात.

ही लाज कुणाला सांगायची? डोकं म्हणत होतं थांब. छाती फुटत होती. पण कानात साहेब "चल, चल, चल" ओरडत होते आणि सतरा वर्षं त्या आवाजावर फिरलेले पाय फिरतच राहिले. थांबा आला, आणि गेला. ताईचा हात हवेतच राहिला. त्याच्या मागून बाबांचा आवाज आला. अगदी साधा, चौकशीचा.

"एक गेला वाटतं. आपला होता का गं?"



पाणक्यानं दोन्ही ब्रेक इतक्या जोरात दाबले की मागचं चाक उचललं गेलं. तो उतरला, सायकल गर्रकन फिरवली आणि ती ढकलत, खडावांसारखे वाजणारे ते सायकलचे बूट आपटत, माघारी चालत आला. सायकल बाकाला टेकवली आणि बाबांच्या पुढ्यात गुडघ्यावर बसला.

"बाबा, मी."

"थांबा सोडून पुढे नेऊन बस उभी करतोस होय रे? प्रवाशानं काय धावत यायचं?"

"चुकलं बाबा."

बाबांनी त्याची हनुवटी धरली, चेहरा नाकाला नाक लागेल इतका जवळ ओढला आणि मान एकदा इकडे, एकदा तिकडे करत त्याला बघितलं. घाईनं नाही. पावती तपासावी तसं, नीट.

"वाळलायस," ते म्हणाले. "कानशिलावर पिकलायस. आईसारखा दिसायला लागलास."

ताईनं त्याच्या सायकलवरची रिकामी बाटली उपसली आणि "थांब, पाणी तरी भरून देते" म्हणत घरात पळाली. रडायला जागा हवी होती तिला.

त्याच्या कानातून बारीक चिरका आवाज येतच होता. बाबांचे डोळे अधू झाले होते, कान शाबूत होते.

"हे कोण केकाटतंय?"

"माझे साहेब."

"काय म्हणतायत?"

"थांबू नको म्हणतायत. पुढे जा म्हणतायत."

बाबांनी हात पुढे केला. पाणक्यानं कानातली गोळी काढून त्यांच्या कानात घातली. बाबा ऐकत राहिले. साहेब काय बोलत होते देव जाणे, पण बाबांच्या मानेवरची शीर हळूहळू वर आली. मुलानं ही शीर लहानपणी पुष्कळ वेळा पाहिली होती, आणि दर वेळी पलंगाखाली लपला होता.

"बोलायचं कशात?"

पाणक्यानं छातीवरचं बटण त्यांच्या बोटाखाली दिलं.

"कोण रे तू?" बाबा म्हणाले. ओरडले नाहीत, बसच्या मागच्या दारापर्यंत पोचेल अशा आवाजात बोलले. "मी याचा बाप. आयुष्यभर बस चालवली मी. मला उशीर झाला, शिव्या खाल्ल्या, पगार कापून घेतला. पण थांब्यावर माणूस उभा आहे आणि मी गाडी थांबवली नाही, असं एकदा झालं नाही. तू त्याला बापाच्या थांब्यावर थांबू नको म्हणतोस? तू लोकांना कुठे नेऊन सोडशील रे, भामट्या!"

बटण सुटलं. मग बाबा म्हणाले, "गप्प झाला."

पुलाकडून आरडाओरडा ऐकू आला. युवराज येत होता. एकटाच, सायकलवर आडवा झालेला, तोंड वेडंवाकडं. मागे दूर घोळका गोंधळलेला दिसत होता. लोकांना काय कळणार, ते जल्लोष करत होते.

"दादा! चल! बस सायकलवर, चल!"

'चल' ऐकून पाणक्या निघाला नाही, असं सतरा वर्षांत कधी झालं नव्हतं. तो उठून उभा राहिला, दोन्ही पाय जमिनीवर रोवले आणि हात छातीशी बांधले. युवराज समोरून गेला. त्यानं पाणक्याच्या चेहऱ्याकडे बघितलंही नाही, फक्त पाणक्या सायकलवर बसायची वाट बघत गेला. दोनदा ओरडला. मग घाटाकडे वळला.

आणि मग घोळका आला. एवढा राग पाणक्यानं रस्त्यावर कधी पाहिला नव्हता. दीडशे माणसांना एकाच वेळी कळलं होतं की आपल्या चांगुलपणाचा खिसा कापला गेलाय. "हरामखोर!" "बापाच्या नावावर चोरी!" कुणीतरी त्याच्या दिशेनं थुंकलं. ते बाकाच्या पायाशी पडलं. पाणक्या हलला नाही. दिसू दे सगळ्यांना. सायकल बाकाला टेकलेली दिसू दे, पाय जमिनीवर दिसू दे. आघाडीच्या जर्सीवाल्यानं जाता जाता मान वळवून पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचा राग क्षणभर अडखळला. सगळ्यांत मागे काका होते. ते चक्क हळू झाले.

"तू इथेच?"

"थांबतो म्हणालो होतो," पाणक्या म्हणाला.

काकांनी बाकावरच्या बाबांकडे पाहिलं. "मग आता काय मुहूर्त बघतोस?" म्हणाले आणि पुढे गेले.

संघांच्या गाड्या हॉर्न वाजवत येऊ लागल्या. ताई धावत बाहेर आली आणि भरलेली बाटली त्याच्या हातात कोंबली. पाणक्यानं जर्सीची चेन उघडली, रेडिओ, वायर, बटण, सगळं लचांड ओढून काढलं आणि बाबांच्या मांडीवर ठेवलं.

"गेले का सगळे?" बाबांनी त्याचं मनगट धरून विचारलं.

"गेले."

"तो मघाशी एकटाच गेला, तो कोण?"

"आमचाच."

बाबांनी त्याचं मनगट सोडलं. "धर त्याला," म्हणाले.

तो निघाला. त्या दिवशी घाटात त्याच्या पायांत काय होतं ते विचारू नका. सतरा वर्षांचं साचलेलं सगळं होतं. गिळलेलं प्रत्येक 'हो साहेब' होतं. गाड्यांच्या रांगेतून वाट काढत त्यानं पायथ्यालाच घोळका गाठला. त्याला बघून शिव्या पडल्या, एकानं कोपर मारलं. तो कुणाशी बोलला नाही. कडेकडेनं पुढे सरकत थेट घोळक्याच्या तोंडाशी आला, जर्सीवाल्याच्या पुढे गेला, आणि वारा छातीवर घेऊन ओढायला लागला.

मागची बडबड थांबली. हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं की हा आपल्याच राजाचा पाठलाग करतोय. जर्सीवाला त्याच्या चाकाला चिकटला, मागून पुढे आलेले काका त्याच्या मागे, त्यांच्या मागे बाकीचे. हमालीच करत होता तो. आजवर केली तीच. फक्त आज ती कुणासाठी करायची हे त्यानं ठरवलं होतं.

अर्ध्या घाटात साहेबांची गाडी बाजूनं घुसली. काच खाली आली. साहेबांचं तोंड लालबुंद.

"डोकं फिरलंय तुझं? आपल्याच माणसाला पकडतोस? तुला रेडिओवर कधीचा सांगतोय मी!"

"रेडिओ घरी राहिला," पाणक्या म्हणाला. "आता बाबा ऐकतात तुमचं."

"संपलास तू! ऐकतोयस? संपलास! पुन्हा कुठल्या संघात उभा राहून दाखव!"

"ओरडू नका साहेब. चढ आहे. दम लागेल."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. हसू घोळक्यात पसरत गेलं आणि गाडी मागे पडली. पाणक्या मात्र हसला नाही. संपलास म्हणजे संपलास, हे त्याला ठाऊक होतं. या वयात कुठला संघ घेणार, आणि आपल्याच राजाला धरून देणारा पाणक्या कोण ठेवणार? उद्या तो त्या बाकावर बाबांच्या शेजारी बसलेला असेल. बसू दे. त्यानं आणखी जोर लावला.

माथा दिसायला लागला तेव्हा युवराजही दिसायला लागला. ओझं वाहणाऱ्याशिवाय त्याला चढ माहीत नव्हता. खांदे डुलत होते, सायकल नागमोडी जात होती. अंतर वितळत गेलं. पाणक्याचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाशी आलं. पाणक्याच्या सायकलची जुनी बारीक टिकटिक युवराज झोपेतही ओळखत असे. ती ऐकून त्याचे खांदे सैल पडले.

"आलास ना शेवटी," तो धापा टाकत म्हणाला. "मला वाटलंच."

आणि त्यानं डावा हात पाठीमागे केला. तळवा उघडा.

पाणक्यानं बाटली काढली. ताईनं भरलेली, अजून गार. त्यानं दातांनी टोपण उघडलं आणि तोंडाला लावली. सावकाश, घोट घोट घेत प्यायला. युवराजचा हात तसाच पसरलेला. बोटं एकदा मिटली, उघडली, पुन्हा मिटली. काहीच आलं नाही.

तेव्हा आठ वर्षांत पहिल्यांदा युवराजनं मागे वळून पाहिलं. आधी पाणक्याचा चेहरा दिसला, मग त्याच्या खांद्यामागची आघाडीची जर्सी, आणि तिच्यामागे घाटभर पसरलेला अख्खा घोळका.

"पाणी?" युवराज म्हणाला.

"हे घरचं आहे," पाणक्या म्हणाला आणि उरलेलं पिऊन टाकलं.